वाचनालयाचे स्कॅन, तीन डिस्का आणि चेकसम : कामाच्या नोंदी

सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाने आपले दिवाळी अंक आणि बंद पडलेली स्थानिक साप्ताहिकं बाहेरून स्कॅन करून घेतली. चाळीस हजारांवर टिफ (चित्रांच्या) फाइली, एकेक साधारण ३२ एमबीची, सगळं मिळून १.३ टीबी. स्कॅनवाल्याने दोन पोर्टेबल डिस्का आणि चेकसमची एक यादी हातात ठेवली. चेकसम किंवा हॅश म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची अक्षरं; मजकूर जरा बदलला तरी ती बदलतात. माझ्याकडे आलेलं काम असं: आलेला माल यादीबरहुकूम आहे का ते बघायचं आणि तीन जागी तीन प्रती करून ठेवायच्या. असंच काम अंगावर घेतलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. आज्ञा बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.

शनिवार, ५ जुलै २०२५

वाचनालयातला लॅपटॉप जुना, विंडोज त्यावर रखडतं. त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं. आयएसओ (सिस्टिम बसवायची एकच मोठी फाइल) उतरवली, सोबत चेकसमची टेक्स्ट फाइल आणि तिच्यावरची जीपीजी सहीही (ती फाइल खरोखर मिंटवाल्यांचीच आहे हे पटवणारी डिजिटल सही) उतरवली.

सही कशाला, चेकसम जुळला की झालं ना, असं ग्रंथपाल बाईंनी विचारलं. मिंटचंच उदाहरण आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांच्या संकेतस्थळात कोणीतरी घुसलं आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडची लिंक चोरवाट ठेवलेल्या बनावट आयएसओकडे वळवली. ज्याला पानावरची लिंक बदलता येते, त्याला त्याच पानावरचा चेकसमही बदलता येतो. म्हणून आधी सही तपासायची, मग त्या सहीखालच्या यादीशी फाइल ताडायची. उलट क्रमाने केलं तर अर्थ उरत नाही.

जीपीजी-व्हेरिफायने 'गुड सिग्नेचर' म्हटलं आणि खाली लगेच इशारा दिला की ही किल्ली (जिने सही तपासली ती) विश्वासू सहीने प्रमाणित नाही. हा इशारा बघून बरेच जण इथेच थांबतात. त्याचा अर्थ एवढाच, की ही किल्ली खरोखर त्यांचीच आहे हे तुम्ही आपल्या संगणकाला सांगितलेलं नाही. किल्लीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळख) दुसऱ्या ठिकाणाहून ताडून घेतला आणि पुढे गेलो.

मग 'शा२५६सम' चेक पर्यायासह चालवलं. यादीत मिंटच्या सगळ्याच आवृत्त्या असतात, त्यामुळे आपल्याकडे नसलेल्या फाइलींबद्दल तक्रारींची रांग लागते. 'इग्नोर-मिसिंग' जोडलं की फक्त आपली एक ओळ दिसते: ओके. तासाभरात मिंट बसलं.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी, वाचनालय बंद. शांतपणे बसायला दिवस चांगला.

स्कॅनवाल्याची यादी उघडली. प्रत्येक ओळीत ३२ अक्षरी हॅश, म्हणजे एमडी५. (४० अक्षरं असती तर शा-१, ६४ असती तर शा-२५६, लांबी मोजली की बहुधा कळतं.) 'एमडी५सम'ला यादी दिली तर उत्तर आलं की यात नीट लिहिलेली एकही ओळ नाही. डोळ्यांना तर सगळं नीटच दिसत होतं.

'फाइल' ही आज्ञा चालवल्यावर उलगडा झाला. यादी यूटीएफ-१६ मध्ये (अक्षरं साठवायच्या एका वेगळ्या पद्धतीत) होती. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये 'पेक्षा मोठं' या चिन्हाने (तो बाण, >) आज्ञेचं उत्तर फाइलीत वळवलं की असंच होतं. 'आयकॉन्व्ह'ने यूटीएफ-८ केली. आता हॅश वाचला जाऊ लागला, पण एकही फाइल सापडेना. दोन कारणं होती. पत्त्यांत उलट्या तिरक्या रेघा होत्या, त्या 'सेड'ने सुलट केल्या. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं जादा कॅरेज-रिटर्न (ओळ संपल्याचं न दिसणारं चिन्ह) होतं. आमच्या लॅपटॉपवरचा प्रोग्राम ते फाइलीच्या नावाचाच भाग समजत होता. 'टीआर'ने ते काढून टाकलं.

मूळ यादीला हात लावलेला नाही. दुरुस्त यादी वेगळ्या नावाने ठेवली आहे. उद्या वाद झाला तर दोन्ही दाखवता आल्या पाहिजेत.

एमडी५ आता चालतं का, हा प्रश्न मिंटच्या गोष्टीमुळे साहजिक. एकच एमडी५ येणाऱ्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवता येतात हे २००४ मध्येच दाखवून झालं आहे, शा-१ चंही तेच २०१७ मध्ये झालं. पण इथे कोणी फसवणूक करतंय अशी शंका नाही. वाटेत काही बिघडलं का एवढंच बघायचं आहे, आणि त्याला एमडी५ पुरतो. आमची स्वतःची यादी मात्र शा-२५६ ची असेल.

शनिवार, १२ जुलै

पहिली पूर्ण पडताळणी. डिस्क लॅपटॉपच्या उजव्या बाजूच्या यूएसबी-२ च्या पोर्टला होती. ३५ एमबी प्रतिसेकंदच्या वर वेग जाईना. हिशेब केला तर १.३ टीबीला दहा तास. निळ्या (यूएसबी-३ च्या) पोर्टला लावल्यावर ११०च्या आसपास, म्हणजे सव्वातीन तास. ही कामं डिस्कच्या वाचण्याच्या वेगाने होतात. प्रोसेसर नुसता बसून असतो. वेळ वाचेल म्हणून 'एक्सआर्ग्ज'ला चार कामं एकदम लावून बघितली, तर उलट हळू झालं. फिरत्या डिस्कचं डोकं चार ठिकाणी धावू लागतं.

'क्वायट' पर्याय द्या, नाहीतर चाळीस हजार 'ओके'मध्ये एक 'फेल्ड' सापडत नाही.

निकाल तीन ढिगांत पडला. पहिला विंडोजच्या थंब्स-डॉट-डीबी आणि टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या मॅकच्या फाइलींचा. त्या संगणक स्वतःच तयार करतो, बदलतो. त्यांना यादीत जागाच नको.

दुसरा ढीग गंमतीचा. एका अंकाची काही पानं नापास, पण उघडून बघितली तर सुंदर दिसतात. तारीख बघितली तर यादी तयार झाल्यानंतरची. चौकशी केली तेव्हा कळलं की डिस्क आल्या आल्या कोणीतरी फोटो बघायच्या प्रोग्राममध्ये आडवी पानं उभी करून ठेवली होती. चांगल्याच हेतूने. प्रोग्रामने पान फिरवलं आणि फाइल नव्याने लिहून टाकली. स्कॅनवाल्याकडे मूळ फाइली अजून होत्या म्हणून त्या परत मिळाल्या. तेव्हापासून मूळ डिस्का फक्त-वाचन पद्धतीने माउंट करतो (जोडतो).

यातून एक साधी कसोटी हाती लागली आणि पुढे ती फार कामाला आली: हॅश बदललाय आणि तारीखही बदललीये, तर बहुधा माणसाचा हात आहे. हॅश बदललाय पण तारीख जुनीच आहे, तर बिघाड.

तिसरा ढीग 'नो सच फाइल'वाल्यांचा. ही फोल्डरं तर समोर दिसत होती.

रविवार, १३ जुलै

आजचा पूर्ण दिवस एका 'ऱ'ने खाल्ला.

न सापडणाऱ्या फोल्डरांची नावं शेजारी शेजारी लिहिली: 'साताऱ्याची साप्ताहिके', 'दुसऱ्या महायुद्धानंतरचे अंक', 'किनाऱ्यावरची वृत्तपत्रे'. सगळ्यांत ऱ्या. 'पुण्यातली मासिके' मात्र बिनतक्रार पास.

यादीतलं नाव आणि डिस्कवरचं नाव 'एक्सएक्सडी'मधून काढून बाइट बघितले. यादीत 'ऱ' हे एकच अक्षर होतं: ई० ए४ बी१. डिस्कवर तिथे दोन चिन्हं होती, साधा र आणि त्याखाली नुक्ता (अक्षराखालचा ठिपका): ई० ए४ बी० आणि ई० ए४ बीसी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखी. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही लेखनं समान. पण लिनक्ससाठी फाइलीचं नाव म्हणजे नुसते बाइट, त्यामुळे ही दोन वेगळी नावं.

कुठून आलं हे? दुसरी डिस्क भरताना स्कॅनवाल्याने मध्ये एक मॅक वापरला होता, जुन्या एचएफएस-प्लस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क असलेला. ती पद्धत नावांतली 'ऱ'सारखी एकसंध चिन्हं सुटी करून साठवते. नव्या एपीएफएसमध्ये नाव आहे तसंच राहतं. इंग्रजी नावांना याची झळ लागत नाही, म्हणून इंटरनेटवरच्या बहुतेक सूचनांत हा विषय येतच नाही.

उपाय: नावं बदलणारा 'कॉन्व्हएमव्ही', यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्ये, एनएफसी पर्याय (सुटी चिन्हं जोडून एक करणारा) लावून. हा प्रोग्राम आधी नुसतं काय करणार ते दाखवतो. 'नोटेस्ट' म्हटल्याशिवाय हात लावत नाही. हे सगळं अर्थात मूळ डिस्कच्या नकलेवर.

बरीचशी फोल्डरं सापडली. तरी काही अडून बसलीच. पुन्हा बाइट. त्यांत 'ऱ' नव्हताच, नुक्ताही नव्हता. र, हलंत आणि त्यापुढे झीरो-विड्थ-जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह): ई२ ८० ८डी. कीबोर्डच्या एका पद्धतीत ऱ्या असा टाइप होतो, दुसरीत तसा. दोन ऑपरेटर, दोन कीबोर्ड. इथे एनएफसीचा काही उपयोग नाही, कारण युनिकोड या दोन लेखनांना एक मानतच नाही. ती नावं हाताने बदलली.

यावर बाईंशी चर्चा झाली आणि ठरलं: यापुढे फाइली-फोल्डरांना रोमन अक्षरं आणि आकडे यांचे संकेत, मराठी नावं स्प्रेडशीटमध्ये. मला स्वतःला हे आवडलेलं नाही. आपल्या वाचनालयात आपल्या लिपीतली नावं का नकोत? पण तीन संगणक, तीन माणसं आणि पुढची वीस वर्षं धरली तर वाद घालण्यात राम नाही.

शनिवार, १९ जुलै

आमची स्वतःची शा-२५६ यादी. साखळी अशी: 'फाइंड'ने फक्त फाइली (टिंब-अंडरस्कोर आणि थंब्स वगळून), 'प्रिंट-झीरो', मग 'सॉर्ट' झेड पर्यायासह, मग 'एक्सआर्ग्ज' शून्य पर्यायासह 'शा२५६सम'. शून्याची भानगड नावांतल्या मोकळ्या जागांसाठी, सॉर्ट यासाठी की पुढच्या वर्षीची यादी या यादीशी 'डिफ'ने ताडता यावी. यादीची फाइल स्कॅनच्या फोल्डरच्या बाहेर लिहायची. आत लिहिली तर ती तयार होत असतानाच स्वतःचा हॅश घेऊन बसते आणि पुढे प्रत्येक पडताळणीत एक नापास ठरलेला.

हॅश आणि नाव यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा असतात. संपादकात उघडून 'जादा' स्पेस काढू नका.

बॅगइट नावाची, फाइली बांधून ठेवायची पद्धत बघितली. २०१८ मध्ये तिचा आरएफसी ८४९३ (इंटरनेटवरच्या तांत्रिक पद्धतींच्या मालिकेतला दस्तऐवज) निघाला. माल 'डेटा' नावाच्या फोल्डरात, बाहेर चेकसमची यादी आणि थोडी माहिती, एवढाच ढाचा. आमची रचना तशीच निघाली, फक्त नावं वेगळी होती. ती त्या पद्धतीप्रमाणे करून घेतली. पुढे कुठल्या मोठ्या संग्रहाला द्यायची वेळ आली तर सोपं जाईल.

यादी आणि स्कॅन एकाच डिस्कवर ठेवून भागत नाही. ज्याने फाइल बिघडेल त्याने यादीही बिघडेल, आणि कोणी चुकून यादी नव्याने केली तर बिघडलेल्या फाइलीही 'ओके' होऊन बसतील. म्हणून त्या यादीचाच शा-२५६ काढला, ६४ अक्षरं, आणि आवक-जावक नोंदवहीत तारखेसह लिहिला. बाईंनी चार-चार अक्षरांचे गट पाडून लिहिला आणि मी वाचून ताडला. सेक्रेटरी काकांनी खाली सही केली, काय आहे ते न विचारता.

रविवार, २० जुलै

दुसरी प्रत. ही साडेतीन इंची मोठी डिस्क, स्वस्त केसिंगमध्ये (डिस्क घालून यूएसबीला जोडायच्या डब्यात), तिला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. 'आरसिंक' (कॉपी करणारा प्रोग्राम) लावून जेवायला गेलो. पाऊस धो धो. वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर तरला, डिस्क बंद पडली.

वीज आल्यावर आरसिंक पुन्हा चालवलं, राहिलेलं उरकलं, त्याच्या मते सगळं जागेवर. मग चेकसम घेतला तर काही फाइली नापास. आकार बरोबर, तारीख बरोबर, आत मात्र नुसती शून्यं. डिस्कवरच्या एक्सफॅटला (फाइली साठवायच्या पद्धतीला) जर्नल (अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद) नसतं. नाव आणि आकार नोंदला गेला, मजकूर पोचायच्या आत वीज गेली. आरसिंक मुळात आकार आणि तारीख एवढंच बघून 'हे झालंय' ठरवतं, म्हणून त्याने त्या फाइलींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. 'चेकसम' पर्याय दिल्यावर ते आतला मजकूर ताडतं. वेळ भरपूर खातं, पण तेव्हाच त्या फाइली परत लिहिल्या गेल्या.

आज कळलेली आणखी एक गोष्ट. लहान फोल्डर कॉपी करून लगेच पडताळलं तर काही सेकंदांत उरकतं, डिस्कला शक्यच नाही इतक्या वेगाने. लिनक्स ते डिस्कवरून वाचतच नाही, रॅममध्ये उरलेली प्रत वाचून 'ओके' देतं. डिस्क अनमाउंट करून, काढून, परत लावून मगच पडताळायचं.

छोटा यूपीएस घ्यायला समितीने होकार दिला. अडीच हजारांच्या आसपास.

शनिवार, २६ जुलै

मोठ्या डिस्कची पडताळणी पुन्हा. काही फाइली नापास. तीच पडताळणी परत: पुन्हा काही नापास, पण वेगळ्याच!

अशा वेळी एक फाइल धरायची आणि तिचा हॅश लागोपाठ काढायचा, दर वेळी डिस्क काढून परत लावून (नाहीतर रॅममधलीच प्रत वाचली जाते). दर वेळी तोच चुकीचा हॅश आला तर डिस्कवर लिहिलेलंच चूक आहे. दर वेळी वेगळा आला तर वाचायची वाट बिघडली आहे, आणि तेव्हा फाइल पुसण्याची, परत कॉपी करण्याची घाई करायची नाही. आमचा वेगळा येत होता. तीच फाइल, मध्ये डिस्क काढून-लावून, दोनदा लॅपटॉपवर उतरवली आणि 'सीएमपी' एल पर्यायासह लावलं: मोजके बाइट वेगळे, प्रत्येकात एकाच बिटाचा फरक.

रॅमवर संशय होता. मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवलं, निर्दोष. केबल बदलली, फरक नाही. यूएसबीवर मजकुराच्या प्रत्येक पॅकेटला स्वतःचा सीआरसी (छोटा चेकसम) असतो, त्यामुळे केबल खराब असेल तर सहसा डिस्क मध्येच तुटते किंवा चुकीचा संदेश येतो. गुपचूप घोळ घालायला वाव आहे तो केसिंगमधल्या चिपला. डिस्क काढून दुसऱ्या, बऱ्या केसिंगमध्ये घातली. हॅश स्थिर झाले.

मात्र गेल्या आठवड्यातलं लिखाणही त्याच खराब केसिंगमधून झालं होतं. नव्या केसिंगमध्ये सगळी पडताळणी पुन्हा केली, आणि काही फाइली खरोखरच चुकीच्या लिहिलेल्या निघाल्या. त्यांच्यावर आरसिंक, चेकसम पर्यायासह. जुनं केसिंग भंगारात. कोणी 'असू द्या, कधी लागेल' म्हणायच्या आत.

शनिवार, ९ ऑगस्ट

एक सभासद आजोबा वाचनालयात बसून जुना अंक पडद्यावर वाचत होते. म्हणाले, "अहो, हे पान खाली करडं झालंय." बघितलं: वरचा दोनतृतीयांश मजकूर, खाली सपाट करडा रंग. चेकसम? ओके. आमचाही ओके, स्कॅनवाल्याचाही ओके.

फाइल अर्धवट लिहिली गेली ती यादी करण्याच्या आधीच. यादीने त्या अर्धवट फाइलीचाच इमानाने हॅश घेतला. चेकसम फक्त एवढंच सांगतो, की यादी केली त्या क्षणी फाइल जशी होती तशीच आज आहे. त्या क्षणी ती धड होती का, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

मग असली पानं शोधायची मोहीम. आमच्या टिफ अनकंप्रेस्ड आहेत, त्यामुळे एका अंकातली पानं आकाराला जवळपास सारखी. प्रत्येक फोल्डर आकाराप्रमाणे लावलं की बुटक्या फाइली लगेच वर येतात; बहुतेक तिथेच सापडल्या. शिवाय इमेजमॅजिकचं 'आयडेंटिफाय' व्हर्बोज पर्यायासह. साधं आयडेंटिफाय फाइलीचं फक्त तोंड बघतं, व्हर्बोजला सगळे पिक्सेल वाचावे लागतात. रात्रभराचं काम आहे.

अंक कपाटात होते म्हणून पानं परत स्कॅन करता आली. जुन्या यादीत खाडाखोड केली नाही. नवी यादी, नवी तारीख, तिचा ६४ अक्षरी हॅश नोंदवहीत, आणि पुढे कोणती पानं का बदलली ते. हे काम खरं तर माल आल्या दिवशी, पहिल्या यादीच्या आधी व्हायला हवं होतं. तुम्ही तसं करा.

शनिवार, २३ ऑगस्ट

तिसरी प्रत पुण्याला एका कार्यकारिणी सदस्याच्या घरी गेली. त्यांच्याकडे विंडोज. तिथली हॅश काढायची आज्ञा गेट-फाइलहॅश मोठ्या लिपीतली अक्षरं देते, आमच्या यादीत छोटी. हॅश तोच, घाबरायचं कारण नाही. पण चाळीस हजार फाइली डोळ्यांनी कोण ताडणार? त्यांच्या संगणकावर गिट-बॅश (लिनक्ससारख्या आज्ञा विंडोजवर चालवणारा प्रोग्राम) बसवलं, त्यात शा२५६सम येतं आणि आमची यादी जशीच्या तशी चालते. मॅक असता तर 'शासम'ला ए पर्यायाने २५६ सांगितलं की तेच काम.

पडताळणी वर्षातून दोनदा ठरली: पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर. आज बाईंनी स्वतः टर्मिनल उघडून पहिल्या प्रतीची केली. एकही नापास नाही. तरी त्या समाधानी नव्हत्या. परत स्कॅन केलेल्या पानांपैकी एक पान चुकून जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी फोल्डरात पडलं होतं, हे त्यांना आठवत होतं. मग यंत्राने सांगितलं का नाही?

कारण शा२५६सम यादीतल्या फाइलीच तपासतं. फोल्डरात यादीबाहेरचं काही आलं तर ते त्याच्या गावीही नसतं. त्यामुळे पडताळणीच्या चार ओळींच्या कृतीत पाचवी ओळ वाढवली: 'फाइंड'ने डिस्कवरच्या सगळ्या नावांची क्रमवार यादी काढायची, चेकसमच्या यादीतून हॅश गाळून नुसती नावं काढायची, आणि दोन्ही 'डिफ'ला द्यायच्या. ते जादा पान लगेच दिसलं. सोबत फोल्डरभर फोटोही, कोणाच्या तरी सहलीचे.